तिकिटावरची चांदणी

दोघे भाऊ एका टेबलाशी जेवायला कबूल झाले, तेव्हाच अक्काला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं होतं. उरलेली अर्धी, कोणी कुठे बसायचं यावर अडली. थोरल्याला खिडकीकडे तोंड करून बसायचं होतं, म्हणजे समोर धाकटा दिसणार नाही. धाकट्यालाही खिडकीच हवी होती, नेमकी त्याच कारणासाठी. शेवटी अक्काने दोघांनाही टेबलाच्या एकाच बाजूला, खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि मधे स्वतः बसली. समोर दोन्ही भावजया आणि टोकाला थोरल्याची मुलगी. बसच्या सीटवर बसावं तशी ती तीन भावंडं ओळीने बसली. वयं मात्र अशी झाली होती की बसमध्ये लोक उठून जागा देत.

"अक्का, त्याला सांग, मीठ इकडे सरकव," थोरला म्हणाला.

मीठ धाकट्याच्या कोपराशीच होतं. त्याने ते उचललं, अक्काच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "अक्का, दादाला सांग, डॉक्टरांनी त्याला मीठ कमी करायला सांगितलंय."

"त्याला सांग, डॉक्टर माझा आहे."

"दोघांनी ऐकलंत ना?" अक्का म्हणाली. "मग मी परत कशाला बोलू? माझं जेवण निवतंय."

हे असं कित्येक वर्षं चाललं होतं. वडील गेल्यावर टेलरिंगचं दुकान काही काळ नीट चाललं. मग एके दिवशी थोरल्याने एका गिऱ्हाइकाच्या देखत धाकट्याच्या कॉलरला कुत्र्याचा पट्टा म्हटलं. धाकट्याने थोरल्याच्या पॅंटला पोतं म्हटलं. गिऱ्हाईक कॉलर आणि पॅंट दोन्ही टाकून पळालं, आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. वडिलांचं कापड कापायचं लांबलचक टेबलसुद्धा करवतीने मधोमध कापण्यात आलं. दोन्ही अर्ध्यांना दोन-दोनच पाय उरले, म्हणून दोन्ही अर्धी त्या भिंतीला टेकवून ठेवावी लागली, एक अलीकडून, एक पलीकडून. उद्या त्यांतलं एक काढलं तर भिंत पडेल आणि दुसरंही आडवं होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून दोघेही दुसऱ्याच्या टेबलाची आतून काळजी करत.

पण बोलायचं काही झालं तर अक्कामार्फत. 'त्याला म्हणावं, भिंतीत खिळे ठोकू नकोस, माझ्या इस्त्रीचं कपाट हलतं.' 'दादाला म्हणावं, रेडिओ हळू लाव.' अक्का निरोप पोचवायची. पोचवताना त्यातल्या शिव्या काढून टाकायची आणि कधी कधी पदरचा एखादा गोड शब्द घालायची, त्यामुळे दोघांनाही आपला भाऊ बाहेरून वाटतो तितका वाईट नाही असं उगाचच वाटत राही.

आणि मग मागच्या आठवड्यात तिच्या दारात पोस्टमास्तर उभे राहिले. गोल चेहऱ्याचा, सतत रुमालाने मान पुसणारा सज्जन माणूस. आधी ते दुकानात जाऊन आले होते. तिथे एकाच पाटीखाली दोन दारं दिसली. एका दारात विचारलं तर "शेजारी विचारू नका" आणि दुसऱ्यात विचारलं तर तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्यांना अक्काकडे पाठवलं होतं.

बातमी मोठी होती. त्यांच्या छोट्याशा देशाच्या राष्ट्रध्वजाला पन्नास वर्षं होत होती आणि त्या निमित्ताने टपालखातं नवं तिकीट काढत होतं. तिकिटावर नगरभवनाच्या छतावर फडकणारा झेंडा. चित्रकाराने तो एका जुन्या फोटोवरून काढला होता, आणि फोटोतला झेंडा यांच्याच दुकानात शिवलेला होता. "म्हणजे बाई, आता देशभरातल्या पाकिटांवर तुमच्या दुकानाचं काम जाणार," पोस्टमास्तर म्हणाले होते. "सोमवारी समारंभ आहे. मंत्री येणारेत. ज्याने झेंडा शिवला त्या कारागिराला व्यासपीठावर बसवायचं ठरलंय. मानाची एक खुर्ची आहे. तेवढं नाव रविवारी दुपारी घेऊन जातो."

एक खुर्ची. अक्काला तेव्हाच घाम फुटला होता.

"तर आता नावाचं बोलू," जेवणं उरकत आली तशी ती म्हणाली, आणि पोस्टमास्तरांनी दिलेला तिकिटाचा नमुना टेबलाच्या मधोमध ठेवला. नखाएवढा कागद. त्यात निळं आकाश, नगरभवनाचं छत आणि फडकणारा झेंडा. खाली पट्टे, वर पाच टोकांची सोनेरी चांदणी. सगळे वाकले. सगळ्यांची डोकी एकमेकांना लागली.

"झेंड्याचं कापड मी कापलं होतं," थोरला टेकून बसत म्हणाला. "तेव्हा वडिलांची नजर गेलेली. कात्री माझ्या हातात होती. अक्का, त्याला सांग, कापणारा नसेल तर शिवणारा काय हवा शिवणार?"

"दादाला सांग, नुसतं कापून ठेवलेल्या कापडाला झेंडा नाही, चिंध्या म्हणतात."

"बघा वन्सं, बघा!" थोरली म्हणाली. "मोठ्या भावाच्या कामाला चिंध्या!"

"तर काय चुकलं?" धाकटी फुरफुरली. "रात्रीचा दिवस करून चांदणी यांनी बसवली. मशीनवर बसून बसून कंबर धरली होती. मीच शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली."

"तेव्हा तुमचं लग्न तरी झालं होतं का?"

"ठरलं होतं!"

"ठरलेल्या नवऱ्याची कंबर शेकत होतीस?" थोरलीने भुवया अशा वर नेल्या की केसांत शिरल्या. धाकटी लाल झाली. धाकट्याने घाईघाईने पाणी प्यायलं आणि त्याला ठसका लागला. अक्काने एका हाताने त्याच्या पाठीवर थापटलं आणि दुसऱ्या हाताने थोरल्याला गप्प बसायची खूण केली, कारण तो हसायच्या बेतात होता, आणि तो हसला असता तर जेवण तिथेच संपलं असतं.

थोरल्याची मुलगी चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती आणि तिच्या पर्समध्ये कायम एक छोटं भिंग असायचं. वडीलधारे भांडायला लागले की ती काहीतरी बारीक वाचत बसे. आताही तिने भिंग काढून तिकीट डोळ्यांशी धरलं.

"आत्या," ती म्हणाली, "ही चांदणी वाकडी आहे."

अक्काने हातातली वाटी खाली ठेवली.

"वाकडी म्हणजे?"

"कललेली आहे. वरचं टोक सरळ वर हवं ना? ते बाजूला गेलंय. दारू पिऊन उभी राहिल्यासारखी दिसतेय."

भिंग हातोहात फिरलं. थोरल्याने बघितलं आणि भिंग अक्काकडे दिलं. अक्काने धाकट्याकडे दिलं. धाकट्याने एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं, मग भिंगच उलटं करून बघितलं. चांदणी कललेलीच होती.

मग जी कोलांटउडी झाली ती अक्काला पुढे कित्येक दिवस आठवून हसू येत असे.

"मी काय म्हणतो," थोरला घसा साफ करत म्हणाला, "कापणाऱ्याचं काम काय, तर कापणं. चांदणी कुठे बसवायची ते शिवणाऱ्याच्या हातात. अक्का, आपल्याला खोटा मान नको. झेंडा त्याचा. खुर्ची त्यालाच द्या."

"छे, छे!" धाकटा म्हणाला. "मोठ्याचा मान मोठ्याला. मशीन काय, कोणीही चालवतं. कापच तिरका असेल तर मशीन काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दादाला सांग, व्यासपीठावर त्यालाच शोभेल."

"मघाशी चिंध्या म्हणत होतास," अक्का म्हणाली.

"ते रागात."

"मंत्री विचारतील, हे वाकडं काम कोणाचं?" थोरली एकदम पुढे वाकली. आता तिच्या आवाजात आधीचा तोरा नव्हता. "उगाच आमच्या ह्यांना पुढे करू नका हं वन्सं. रक्तदाब आहे त्यांना."

"आणि आमच्या ह्यांना काय, हत्तीचं काळीज आहे?" धाकटी म्हणाली. मग तिने थोरलीकडे बघितलं, थोरलीने तिच्याकडे बघितलं. दोघींच्या डोळ्यांत एकच भीती होती, आणि इतक्या वर्षांत दोघींच्या डोळ्यांत एकाच वेळी एकच काही असल्याचं अक्काने प्रथमच पाहिलं.

"मी म्हणते, दोघांनीही जाऊच नये," थोरली म्हणाली.

"बरोबर बोललात जाऊबाई. तब्येत बरी नाही म्हणून कळवू."

"दोघांचीही?"

"साथ आली म्हणू."

दोघी खुर्च्या सरकवून जवळ आल्या आणि कुठली साथ जास्त विश्वासार्ह वाटेल यावर कुजबुजू लागल्या. नवरे मात्र खिडकीकडे तोंड करून, हाताची घडी घालून, एकाच पद्धतीने खालचा ओठ पुढे काढून बसले होते. तो ओठ वडिलांचा. अक्काने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि तिला वाटलं, यांना लहानपणी बसवायचे तसं एका पाटावर बसवावं आणि कान पिळावेत.

तेवढ्यात बेल वाजली.

पोस्टमास्तर आत आले ते घामाने रुमालासकट ओलेचिंब. धाकटीने पाणी दिलं, ते त्यांनी एका दमात संपवलं.

"बाई, घोटाळा झाला," ते म्हणाले. "तुम्ही तिकीट नीट बघितलंत का?"

"नाही," सगळे एकदम म्हणाले. थोरल्याच्या मुलीने भिंग मुठीत लपवलं.

"चांदणी कललीये. काल वरच्या ऑफिसात कोणाच्या तरी लक्षात आलं. सकाळपासून फोनवर फोन. चित्रकार म्हणतो, मी फोटोत होतं तसंच काढलं. आमचे साहेब म्हणतात, राष्ट्रध्वज चुकीचा काढला म्हणजे ध्वजाचा अपमान. चित्रकाराची चूक ठरली तर छापलेली सगळी तिकिटं बाद. यंत्रात घालून कपटे करायचे. समारंभही रद्द." त्यांनी मान पुसली. "पण साहेबांनी एक वाट ठेवलीये. मुळात झेंडाच तसा शिवलेला होता असं ज्याने शिवला त्याने स्वतः लिहून दिलं, तर चित्र खरं ठरतं. इतिहास म्हणून ते तसंच जाऊ देतील. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इथून पहिल्यांदाच तिकीट निघतंय हो. मी कोटसुद्धा शिवायला टाकलाय."

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. नखाएवढा कागद टेबलावर पडला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. अक्काला वाटलं, संपलं. दोघांनाही आपला हात सरळ असल्याचं सिद्ध करायचं आहे. त्यापायी टेबल कापलं, तिथे तिकिटाचं काय.

धाकट्याने तिकीट उचललं, तळहातावर ठेवलं. बराच वेळ त्याकडे पाहिलं.

"छान आलंय पण," तो हळूच म्हणाला. "छताच्या कौलांसकट आलंय." मग त्याने मान वर केली. "साहेब, लिहा. झेंडा मी शिवला. चांदणी माझ्या हातून कलली."

"अहो!" धाकटी किंचाळली. "आपली साथीची गोष्ट ठरली होती ना!"

"असू दे. कपटे नको व्हायला. वडिलांच्या दुकानातला झेंडा आहे. वाकडा तर वाकडा."

पोस्टमास्तरांनी पेन काढलं. इतक्यात थोरल्याची खुर्ची फरशीवर करकरली.

"अक्का, त्याला सांग..." थोरल्याने सुरुवात केली. अक्काने सवयीने मान धाकट्याकडे वळवली. पण पुढचं वाक्य आलंच नाही. थोरला उभा राहिला होता, खुर्चीला वळसा घालून तिच्या मागून पलीकडे गेला होता, आणि धाकट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तू? तू कलवलीस म्हणतोस चांदणी?"

"हो. मी."

"अरे, आयुष्यात एक शिवण वाकडी घातली आहेस का तू? वडील तुझी शिवण पट्टी म्हणून वापरायचे! साहेब, याचं ऐकू नका. काप माझा चुकला होता. मला आठवतंय. कात्रीला धार नव्हती."

"कात्रीला धार नव्हती? दादा, तुझी कात्री कोणी हातात घेतली तरी तू चिडायचास, रोज धार लावायचास! काप अगदी बरोबर होता. शिवताना माझं लक्ष उडालं. माझं लग्न ठरलं होतं तेव्हा."

"लग्न ठरलेल्या माणसाचं लक्ष उडतं, हात नाही उडत!"

"हातही उडतो! तुझं काय, तुझं लग्न ठरलं तेव्हा तू स्वतःच्याच कोटाला तीन बाह्या कापल्या होत्यास!"

"बघा! स्वतःच कबूल करतोय! तीन बाह्या कापणारा माणूस चांदणी सरळ कापेल का? लिहा साहेब, माझं नाव लिहा!"

"त्याचं लिहायचं नाही. माझं लिहा!"

पोस्टमास्तरांचं पेन हवेत इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होतं. थोरली "रक्तदाब, रक्तदाब" म्हणत उठली. अक्काने तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"बस. एक शब्द बोलू नकोस."

"अहो वन्सं, भांडतायत ते!"

"भांडतायत," अक्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "एकमेकांशी भांडतायत."

धाकटीने मुकाट्याने उठून खोलीचं दार लावून घेतलं, म्हणजे दोघांपैकी कोणी तावातावाने निघून जाऊ नये.

थोरल्याची मुलगी आत्याच्या कानाशी लागली. "आत्या, पण झेंडा वाऱ्यावर होता ना? कापड फडकत असेल तर चांदणी सरळ दिसेल कशी? कदाचित कोणाचीच चूक नसेल."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. पोरगी हुशार होती. पण हुशारीलाही वेळकाळ असतो.

"आत्ताच सुचलं?"

"हो."

"छान. दोघांच्या सह्या होईपर्यंत विसर."

सह्या दोघांच्याही झाल्या. कोणाची आधी यावर आणखी एकदा जुंपली आणि शेवटी कागदाच्या दोन बाजूंना, एकाच रेघेत झाल्या. पोस्टमास्तरांनी कागद खिशात घातला, तसा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग पुन्हा गेला.

"पण बाई, खुर्ची एकच मंजूर झालीये."

"मग दुसरी नामंजूर आणा," अक्का म्हणाली.

सोमवारी सकाळी नगरभवनाच्या सभागृहात नामंजूर खुर्ची आली. ती कुठल्या तरी कचेरीतून ऐनवेळी उचललेली होती आणि पहिलीपेक्षा वीतभर बुटकी होती. अक्का पहिल्या रांगेत बसून बघत होती. दोघे भाऊ बुटक्या खुर्चीसाठी एकमेकांना ढकलत होते. तू मोठा, तू वर बस. तुझे गुडघे दुखतात, तूच वर बस. मंत्र्यांना वाटलं, दोघे पहिल्यांदाच व्यासपीठावर आले म्हणून बावरलेत. त्यांनी दोघांच्याही पाठीवर हात ठेवून त्यांना बसवलं. थोरला बुटकीवर बसला, त्यामुळे दोघांची डोकी पहिल्यांदाच एका उंचीला आली.

मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला आणि भिंतीएवढं मोठं केलेलं तिकीट दिसलं. चांदणी बैलगाडीच्या चाकाएवढी होती आणि चांगलीच कललेली होती. टाळ्या झाल्या. पोस्टमास्तर नव्या कोटात, बटणं लागत नाहीत म्हणून श्वास रोखून उभे होते. दोन्ही भावजया एकमेकींच्या शेजारी बसल्या होत्या आणि भाषणांपेक्षा जोरात बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यात अक्काची कुठेच गरज नव्हती.

मंत्र्यांचं भाषण लांबलं. व्यासपीठाच्या मागे आजच्यासाठी एक कोरा झेंडा लावला होता, कारखान्यातून आलेला. थोरल्याने मान वळवून तो बघितला. मग धाकट्याने बघितला. थोरला त्याच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला. धाकट्याने नाक मुरडलं आणि झेंड्याच्या कडेकडे बोट दाखवलं. थोरल्याने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, आणि हवेतच बोटांनी शिवण घालून दाखवली. एक टीप, दोन टिपा, तीन. धाकटा दोनच बोटं दाखवत राहिला. थोरला तीन. मंत्री एकतेविषयी बोलत होते.

तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं सभागृह उभं राहिलं. दोघे भाऊही ताडकन उठले, थोरल्याचं तोंड उघडं, धाकट्याची दोन बोटं मांडीशी ताठ चिकटलेली. राष्ट्रगीतभर दोघे पुतळ्यासारखे उभे होते. डोळे समोर, पापणी हलली नाही. शेवटचा सूर विरला, सगळे खाली बसू लागले, आणि थोरला बसायच्याही आधी धाकट्याकडे वळून जिथे थांबला होता तिथूनच पुढे बोलू लागला.

धाकटी अक्काकडे झुकली. "वन्सं, काय म्हणतायत हो ते दोघे एवढं?"

अक्काने पाय लांब केले आणि खुर्चीत ऐसपैस टेकून बसली.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "त्यांनाच विचार."